काळ्या लेखिका आणि कापसाचा मुलूख

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतले परदेशी साहित्यावरचे लेख आमच्यासारख्या गावखेड्यांच्या वाचनालयांत कापून जपून ठेवले जातात. पुस्तकखरेदीची यादी करताना ती कात्रणं कामी पडतात. म्हणूनच एक उणीव सांगाविशी वाटते. आफ्रिका, अमेरिका आणि कॅरिबियन बेटांमधल्या काळ्या लेखिकांची नावं या लेखांत येतात ती कुणाला पुरस्कार मिळाल्यावर, कुणाचं निधन झाल्यावर, नाहीतर ८ मार्चला. एरवी जागतिक कादंबरीची चर्चा त्यांना वगळून खुशाल चालते. खरं पाहता आज इंग्रजीत जे जोमदार लिहिलं जातं त्यात या बायकांचा वाटा फार मोठा आहे. आणि विदर्भातल्या कास्तकार-मजूर वाचकाला त्यांचं लेखन जगातल्या बहुतेक लेखनापेक्षा लवकर भिडेल, असं आमचं ठाम मत आहे. ते का, आणि ही पुस्तकं गावात आणायची आणि वाचायची कशी, हे जरा तपशिलात लिहितो.

सुरुवात कापसापासून करावी लागते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथल्या गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला. ज्यांच्या हातचा कापूस थांबला म्हणून आपला कापूस चालला, त्यांच्याच नाती-पणती पुढे लिहित्या झाल्या. माया अँजेलो यांचं १९६९ चं आत्मकथन ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ घ्या. आर्कान्सा राज्यातल्या स्टॅम्प्स गावात त्यांच्या आजीचं किराणा दुकान होतं. वेचणीच्या दिवसांत पहाटे दिव्याच्या उजेडात मजूर दुकानात येतात, खायला काहीबाही घेतात आणि आज दोनशे पौंड वेचीन, मी तीनशे वेचीन, अशा पैजा लावतात. दोनशे पौंड म्हणजे साधारण नव्वद किलो. ते वजन काय असतं हे आपल्या वेचणाऱ्या बायांना समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी तीच माणसं रिकामी पोती ओढत परततात. बोंडांच्या टोकांनी बोटं कापलेली असतात. तक्रारी त्याच : काट्यात मारलेलं वजन, विरळ पीक, तासांतली धूळ, साप. कितीही वेचलं तरी दुकानाची उधारी फिटत नाही. ही दोन-तीन पानं पऱ्हाटीच्या गावात मोठ्याने वाचून दाखवली, तर प्रस्तावनेची गरज पडत नाही.

आता या लेखिकांच्या आजच्या स्थानाबद्दल. ते स्थान पुरस्कारांनी मिळालं, असा समज आहे. पुरस्कार आहेतच. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांना १९५० मध्ये कवितेचा पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, आणि कुठल्याही काळ्या व्यक्तीला मिळालेला तो पहिला पुलित्झर. ॲलिस वॉकर यांना १९८३ मध्ये ‘द कलर पर्पल’साठी, टोनी मॉरिसन यांना १९८८ मध्ये ‘बिलव्हेड’साठी. १९९३ चं नोबेल मॉरिसन यांचं, आणि साहित्याचं नोबेल मिळालेली ती आजवरची एकमेव काळी स्त्री. बर्नार्डिन एव्हारिस्टो यांना २०१९ चं बुकर मार्गारेट ॲटवुड यांच्याबरोबर विभागून मिळालं. पण यादी वाचून झाल्यावर मधली सालं पाहा. दोन नावांत केवढं अंतर आहे! ‘बिलव्हेड’ला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार नाकारला गेला तेव्हा १९८८ च्या जानेवारीत ४८ काळ्या लेखक-समीक्षकांनी सही करून जाहीर निवेदन काढलं. त्याच वर्षी पुलित्झर आला.

खरं काम त्याआधी, पडद्याआड झालेलं आहे, आणि वाचनालयवाल्यांना त्यातच जास्त रस असावा. झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ १९३७ ची. मानववंशशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेली, फ्लोरिडातल्या काळ्या वस्त्यांची बोली आणि लोककथा गोळा करणारी ही बाई १९६० मध्ये गरिबीत वारली. कबरीवर दगडसुद्धा नव्हता. पुस्तकं बाजारातून गेली होती. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर यांनी फोर्ट पिअर्सच्या गवत माजलेल्या दफनभूमीत ती जागा शोधून दगड बसवला, १९७५ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि मग पुस्तकं पुन्हा छापली जाऊ लागली. आज हर्स्टन अभ्यासक्रमात आहेत त्या यामुळे. मॉरिसन यांनी स्वतःच्या कादंबऱ्या लिहिता लिहिता रँडम हाउसमध्ये संपादकाची नोकरी केली आणि गेल जोन्स, टोनी केड बाम्बारा, अँजेला डेव्हिस यांची पुस्तकं तिथून काढली. नायजेरियात फ्लोरा न्वापा यांची ‘एफुरू’ १९६६ मध्ये लंडनहून निघाली खरी, पण पुढे त्यांनी स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. बुची एमेचेटा यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित नवऱ्याने जाळलं. त्यांनी लंडनमध्ये पाच मुलं एकटीने वाढवत ती पुन्हा लिहिली आणि १९७६ मध्ये ती ‘द ब्राइड प्राइस’ म्हणून छापून आली.

एखादी लेखिका टिकते ती तिचं पुस्तक छापलं जात राहिलं आणि कुठल्यातरी फडताळावर हाताला लागलं तर. त्या साखळीत गावचं ‘ड’ वर्गाचं वाचनालयही येतं.

मात्र पुस्तक निवडताना एक चूक सर्रास होते. नोबेल ऐकून लोक ‘बिलव्हेड’ मागवतात, पहिल्या चाळीस पानांत अडकतात आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून सोडून देतात. ‘बिलव्हेड’ अवघड आहे, कारण तिच्यात काळ सरळ चालत नाही. १८७३ चं सिनसिनाटीतलं घर आणि त्याआधीचे केंटकीतल्या गुलामीचे दिवस एकाच परिच्छेदात येतात, आणि मुख्य घटना लेखिका तुकड्यातुकड्याने उघड करते. ती मुळात खऱ्या घटनेवरून सुचलेली आहे. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली आणि पकडली जाणार हे दिसताच तिने स्वतःच्या लहान मुलीला मारलं. एवढं आधी सांगितलं तर पुस्तक उलगडतं. तरीही ते पहिलं पुस्तक नव्हे. (महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ही १८७३ ची, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना आहे. कादंबरीतलं घर आणि पुण्यातलं ते पुस्तक एकाच वर्षातलं, हे वाचकांना आवर्जून सांगावं.)

पहिलं पुस्तक म्हणून आम्ही मारियामा बा यांचं ‘सो लाँग अ लेटर’ सुचवतो. मूळ फ्रेंच, १९७९ चं, सेनेगलचं. शंभराच्या आसपास पानं. नवरा वारल्यावर इद्दतचे, म्हणजे मुस्लिम विधवेने पाळायचे, चार महिने दहा दिवस घरात बसलेली रामातुलाये मैत्रिणीला पत्र लिहिते. नवऱ्याने आपल्याच मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं असतं. पत्राचा घाट ओळखीचा, माणसं थोडी, आणि इद्दत काय असते हे आपल्या गावांत शेजारपाजारच्या घरांमुळे ठाऊक आहे.

त्यानंतर झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्बगा यांची १९८८ ची ‘नर्व्हस कंडिशन्स’. तांबू नावाच्या मुलीची फी भरायला घरात पैसे नाहीत. भाऊ शिकतो, तिने घरी राहायचं. ती आईबापाकडे बियाणं मागते, आजीच्या जुन्या तुकड्यात मका लावते, घरची आणि वावरातली कामं सांभाळून निंदते. कणसं भरायला लागतात तशी ती गायब व्हायला लागतात. चोरणारा तिचा भाऊच असतो, आणि तो ती मित्रांना वाटत असतो! पुढे शिक्षक तिला कणसं विकायला शहरात नेतात, एक गोरी बाई दहा पौंड देते, शाळा ती रक्कम फीपोटी ठेवून घेते, तर बाप शाळेत येऊन ते पैसे माझे म्हणून भांडतो. कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात तांबू सांगते की भाऊ मेला तेव्हा आपल्याला वाईट वाटलं नाही. या वाक्यावर गटात वाद होतो. तो होऊ द्यावा, लगेच निवाडा देऊ नये, कारण कणसांचं प्रकरण येईपर्यंत वाचकांचं मत आपोआप हलतं.

शेतीवरची म्हणून आमच्या मते सर्वांत मोलाची कादंबरी बेसी हेड यांची ‘व्हेन रेन क्लाउड्स गॅदर’, १९६८ ची. हेड मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. परत येण्याची परवानगी नसलेला कागद घेऊन त्या १९६४ मध्ये बोत्स्वानात आल्या आणि सेरोवे गावात राहिल्या. कादंबरीतल्या गोलेमा म्मिदी या गावात दुष्काळात गुरं मरतात. पडत्या भावात जनावरं विकत घेऊन गबर झालेला मुखिया सहकारी संस्थेच्या वाटेत आडवा येतो. दुष्काळात तग धरणारं भरड धान्य लावा म्हटलं तर ते ‘हलक्या’ जमातीचं अन्न म्हणून लोक नाकं मुरडतात. बायका एकत्र येऊन तंबाखूचं नगदी पीक घेतात, त्यासाठी वाळवणीच्या खोल्या बांधतात. गुरांमागे दूर चराईवर पाठवलेला एक लहान मुलगा क्षयाने तिथेच मरतो, आणि आईला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. बचत गट, अडत्या, कर्ज, पाऊस हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्यांना ही कादंबरी कुणी शिकवायला नको. विद्यापीठातल्या चर्चेत ती ‘वसाहतोत्तर’ म्हणून येते. तिला शेतीची कादंबरी म्हणून कुणी हातात दिलं, तर ती वाचली जाईल.

मॉरिसन यांच्याकडे वळायचं ते ‘द ब्लूएस्ट आय’ने, १९७० ची पहिली कादंबरी. काळ्या मुलीला निळे डोळे हवे असतात. गोरेपणाचं वेड आपल्या लग्नाच्या जाहिरातींत रोज छापून येतं, तेव्हा विषय परका नाही. पण या पुस्तकात बापाने मुलीवर केलेला अत्याचार आहे. पत्रांतून चालणाऱ्या ‘द कलर पर्पल’च्या पहिल्याच पत्रात तसंच, अँजेलो यांच्या पुस्तकात आठ वर्षांच्या मुलीवरचा. गटवाचनात हे अचानक समोर आलं तर कुणी उठून जातं आणि पुन्हा येत नाही, आणि त्यांना का जावं लागलं हे आपल्याला कळतही नाही. म्हणून आदल्या बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगायचं. तो भाग मोठ्याने वाचायचा नाही, थोडक्यात सांगून पुढे जायचं. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी घरी वाचावा.

गटाने वाचण्याची पद्धत अशी ठेवावी. एका बैठकीला आठ-दहा पानं, पाऊण तास, जास्त नाही. ज्याला इंग्रजी येतं त्याने आदल्या दिवशी ती पानं वाचून ठेवायची, गटात त्यांचा मजकूर मराठीत किंवा वऱ्हाडीत सांगायचा आणि मग एखादा निवडक परिच्छेद मूळ इंग्रजीतून वाचून दाखवायचा. सगळं शब्दशः भाषांतर करत बसलं की दहा मिनिटांत लोक कंटाळतात. भिंतीवर जगाचा नकाशा हवा. फळ्यावर काही सालं कायम लिहिलेली हवीत. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन गुलाम उतरले ते १६१९. अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली १८६५. मतदानहक्काचा कायदा १९६५. नायजेरियातलं बियाफ्राचं युद्ध १९६७ ते १९७०. झिम्बाब्वे स्वतंत्र १९८०. ही सालं नसली की वाचक गुलामी आणि वंशभेदाचे कायदे यांची गल्लत करतात, आणि ‘द ब्लूएस्ट आय’मधल्या, १९४१ च्या ओहायोतल्या मुलीला गुलाम समजतात.

‘द कलर पर्पल’ सांगताना एक काळजी घ्यावी. नायिका सेली लिहिते ती तिच्या बोलीत, आणि तिची शिकलेली बहीण नेटी लिहिते ती शाळेच्या इंग्रजीत. दोघींची पत्रं एकाच प्रमाण मराठीत सांगितली तर अर्धी कादंबरी हरवते. सेली वऱ्हाडीत बोलली तर अगदी जिवंत होते. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक ज्यांनी वाचली, त्यांना ही बोली कथेचा किती भार उचलते ते ठाऊक आहे. मात्र तिथल्या माणसांना आपल्याकडच्या जाती चिकटवू नयेत. अमेरिकेतला वर्ण आणि आपली जात यांचे नियम वेगळे आहेत. दुःख सारखं वाटलं म्हणून व्यवस्था एकच, असं सांगितलं की दोन्हींचं आकलन बिघडतं.

वाचनालयाच्या बाजूने दोन अडचणी. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषय-भाषेप्रमाणे क्रमांक देण्याच्या पद्धतीत, या लेखिका विखुरतात : मॉरिसन, वॉकर ८१३ मध्ये, नायजेरियाच्या ॲडिची आणि डांगारेम्बगा ८२३ मध्ये, मारियामा बा फ्रेंच म्हणून ८४३ मध्ये. साओ पाउलोत रद्दी वेचून जगणाऱ्या आणि सापडलेल्या वह्यांत रोजनिशी लिहिणाऱ्या कॅरोलिना मारिया दे जेझुस यांचं १९६० चं पुस्तक पोर्तुगीज म्हणून ८६९ मध्ये. दाखल नोंदवहीत क्रमांक तेच राहू द्यावेत, पण पुस्तकं दारासमोरच्या फडताळावर मराठी कादंबऱ्यांच्या शेजारी मांडावीत. इंग्रजी पुस्तकं कुलूपबंद कपाटात ठेवायची रीत तर सोडूनच द्यावी. दुसरी अडचण उन्हाळ्याची. आयात केलेल्या पेपरबॅकची पाठ नुसत्या डिंकावर असते. मे महिन्याच्या उन्हात तो डिंक ठिसूळ होतो, पुस्तक पुरतं उघडलं की पाठ तडकते आणि पानं सुटतात. देवघेवीला देण्याआधीच बाइंडरकडून पाठीला कापडी पट्टी लावून पुठ्ठा बांधून घ्यावा. रॅक भिंतीला चिकटवू नये, वाळवी तिथूनच शिरते.

अनुवादाबद्दल आपल्या वाचकांतल्या भाषांतरकारांना एक सांगायचं आहे. भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. हर्स्टन १९६० मध्ये वारल्या, म्हणजे ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ २०२१ पासून इथे मोकळी आहे. (मृत्यूनंतर २०१८ मध्ये निघालेलं त्यांचं ‘बॅराकून’ यात बसत नाही.) मालकापासून लपून आजीच्या माळ्यावरच्या खोपटात जवळपास सात वर्षं काढणाऱ्या हॅरिएट जेकब्स यांचं १८६१ चं आत्मकथन तर केव्हाच मोकळं झालं आहे. हक्क विकत घ्यायला पैसे नाहीत ही सबब या दोन पुस्तकांना लागू नाही. थेट इंग्रजीवरून, आणि बोलीत करण्याची तयारी असलेल्याने ती घ्यावीत.

आपला काळ्या अमेरिकेशी संबंध जुना आहे, पण तो बहुतेक पुरुषांच्या मार्फत आलेला आहे. फुल्यांची अर्पणपत्रिका झाली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र झालं, १९७२ ची दलित पँथर झाली. बायकांची ओळ मधून निसटली. वास्तविक तिकडच्या काळ्या आणि इकडच्या दलित बायकांचं लेखन एकाच सुमारास उसळून आलं. नागपूरच्या कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ चं, ‘द कलर पर्पल’ १९८२ ची, आणि त्याच वर्षी बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ ‘स्त्री’ मासिकात क्रमशः येऊ लागलं, तेही वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलेलं लिखाण. ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवी होती. अजूनही वेळ गेलेली नाही.

आणि हे सगळं जुनं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. जेस्मिन वॉर्ड आज मिसिसिपीच्या गरीब काळ्या गावाबद्दल लिहितात. ‘साल्व्हेज द बोन्स’ (२०११) ही २००५ च्या कतरिना वादळाच्या आधीच्या-नंतरच्या बारा दिवसांची गोष्ट आहे. बाप वादळाची तयारी करतो आणि पोरांना ते खरंच वाटत नाही. वॉर्ड यांना राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार कादंबरीसाठी दोनदा मिळाला, असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. तरीही २०२० मध्ये लेखकांनी आपापल्या आगाऊ मानधनाचे आकडे उघड केले तेव्हा, पहिल्या पुरस्कारानंतरही एक लाख डॉलरसाठी किती झगडावं लागलं ते वॉर्ड यांनी सांगितलं. चिमामांडा न्गोझी ॲडिची यांची बियाफ्रा युद्धावरची ‘हाफ ऑफ अ यलो सन’ (२००६) गावातल्या तरुण वाचकाने जरूर घ्यावी, कारण तिच्यातली बरीच गोष्ट खेड्यातून आलेल्या उग्वू नावाच्या घरगड्याच्या नजरेतून दिसते.

आपल्याला विनंती अशी की या लेखिकांवर पुरवणीत महिन्याला एक लेख यावा, परिचयाचा नव्हे तर एकेका पुस्तकाचा : कथानक, कुठे अडतं, किती पानं, कुठल्या प्रसंगाआधी वाचकाला सावध करावं, मराठीत आहे की नाही. पहिला लेख बेसी हेड यांच्यावर असावा, आणि तो फेब्रुवारीत छापावा. तोवर वेचणी संपत आलेली असते आणि बायांना संध्याकाळी वाचनालयात येऊन बसायला वेळ मिळतो.

आपले,
सार्वजनिक वाचनालयाचे कार्यकर्ते,
आर्णी तालुका, जि. यवतमाळ